पार्श्वभूमी: रुग्णनोंदींच्या देवाणघेवाणीची चाळीस वर्षं

रुग्णालयांत संगणक आले ते खात्याखात्याने. आधी बिलिंग, मग लॅब, फार्मसी, क्ष-किरण; प्रत्येकाचा विक्रेता वेगळा, डेटाबेस वेगळा. एकाच रुग्णाचं नाव चार ठिकाणी टाइप व्हायचं आणि एखाद्या ठिकाणी हमखास चुकायचं. दोन सिस्टिम जोडायच्या तर खास त्या जोडीपुरता प्रोग्रॅम लिहावा लागे. दहा सिस्टिम थेट एकमेकींना जोडायच्या म्हणजे असे ४५ प्रोग्रॅम, आणि एकीने आवृत्ती बदलली की त्यातले नऊ धोक्यात.

यावर उतारा म्हणून १९८७ मध्ये अमेरिकेत एचएल७ ही संस्था उभी राहिली. नावातला सात म्हणजे ओएसआय प्रारूपाचा (संगणकांमधल्या संवादाची सात थरांत केलेली मांडणी) सातवा, ॲप्लिकेशनचा थर. बाइट वायरीतून कसे जातात ते खालच्या थरांनी पाहावं, आपण मेसेजची मांडणी ठरवू, ही भूमिका नावातच आली. क्ष-किरणासारख्या वैद्यकीय प्रतिमांनी स्वतंत्र वाट धरली: १९८५ चं एसीआर-नेमा मानक, १९९३ पासून डायकॉम.

एचएल७ च्या मेसेज-मानकाची दुसरी आवृत्ती आजही असंख्य लॅबमध्ये चालते. मेसेज म्हणजे साधा मजकूर: एका ओळीला एक सेगमेंट, फील्ड उभ्या रेघेने वेगळे. पीआयडी या सेगमेंटमध्ये रुग्णाची ओळख, ओबीएक्समध्ये तपासणीचा निकाल. ओबीएक्सच्या तिसऱ्या फील्डमध्ये तपासणीचा कोड, पाचव्यात मूल्य, सहाव्यात एकक, अकराव्यात निकालाची स्थिती: ‘पी’ प्राथमिक, ‘एफ’ अंतिम, ‘सी’ दुरुस्त. लॅबने ‘सी’ पाठवला, पण घेणाऱ्या सिस्टिमने अकरावं फील्ड वाचलंच नाही, तर पडद्यावर पोटॅशियम ६.८ आणि ४.१ एकाखाली एक दिसतं. खरं कोणतं हे डॉक्टरने ओळखायचं! पोचपावतीचंही तसंच. मेसेज डेटाबेसमध्ये उतरण्याआधीच ‘मिळाला’ असं उत्तर गेलं आणि सर्व्हर बंद पडला, तर पाठवणारा निर्धास्त आणि निकाल बेपत्ता.

मांडणी जुळली तरी अर्थ जुळेलच असं नाही. ग्लुकोजचा कोड एका लॅबमध्ये ‘ग्लू’, तर दुसरीत ‘जीएलसी’. म्हणून अमेरिकेतल्या रिजेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने १९९४ मध्ये तपासण्यांच्या सामाईक कोडांचं, म्हणजे लॉइंकचं, काम हाती घेतलं. रक्तद्रवातलं ग्लुकोज वजनात मोजलं तर कोड २३४५-७, मोलमध्ये मोजलं तर १४७४९-६. हा कीस उगाच काढलेला नाही. ९९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ५.५ मिलिमोल प्रति लिटर एकच. पण एकक गळून नुसता ५.५ आकडा मिलिग्रॅमच्या रकान्यात पडला, तर जीवघेणी घसरण दिसते.

दुसऱ्या आवृत्तीतली ढिलाई, विशेषतः प्रत्येक विक्रेत्याने घुसवलेले स्वतःचे ‘झेड’ सेगमेंट, मोडून काढायला तिसरी आवृत्ती आली: एकच संदर्भ प्रारूप, सगळं एक्सएमएल या खुणा लावलेल्या मजकूर-स्वरूपात. ती शिस्तशीर होती आणि बहुतेकांना पेलवली नाही. तिच्यातलं टिकलं ते मुख्यतः सीडीए हे दस्तऐवजाचं स्वरूप.

मग २०११ मध्ये ग्रॅहॅम ग्रीव्ह यांनी वेगळा आराखडा मांडला. त्यातून फायर (एफएचआयआर) हे मानक घडलं. रुग्ण, निरीक्षण, औषध असे सुटे ‘रिसोर्स’, प्रत्येकाला वेबपत्ता, मजकूर बहुधा जेसन या वेबवर रुळलेल्या सुटसुटीत स्वरूपात. साध्या वेब प्रोग्रॅमरला ते एका दुपारी समजतं, हे त्याचं खरं यश. मात्र मूळ व्याख्येत रुग्णाच्या रिसोर्समधलं एकही फील्ड सक्तीचं नाही; नाव, जन्मतारीख, क्रमांक, काहीच नाही. सक्ती येते ती देशाने किंवा प्रकल्पाने ठरवलेल्या प्रोफाइलमधून, म्हणजे मानकावर घातलेल्या जादा नियमांतून. दोघांचे प्रोफाइल वेगळे असले, तर दोन्ही सर्व्हर मानकात बसूनही एकमेकांची नोंद नाकारतात.

सर्वांत चिवट गाठ ओळखीची. एकाच माणसाचे चुकून दोन क्रमांक पडले की ते एकत्र करावे लागतात. दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी ‘ए४०’ मेसेज आहे, फायरमध्ये ‘याऐवजी तो’ सांगणारा दुवा. लॅबने ए४० कडे काणाडोळा केला, तर नवे रिपोर्ट रद्द झालेल्या क्रमांकावरच साठत राहतात आणि वॉर्डातल्या पडद्यावर तपासणी ‘प्रलंबित’च दिसते.