हँड पॅडल आणि मनगटाच्या पट्ट्याचा वाद

पोहताना हाताला फळी, म्हणजे हँड पॅडल, लावून जास्त पाणी मागे लोटायची कल्पना जुनीच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टनच्या बेंजामिन फ्रँकलिन या मुलाने (पुढे तो विजेच्या प्रयोगांमुळे जगभर ओळखला गेला) सुमारे १० इंच लांब, ६ इंच रुंद अशा लंबगोल फळ्या केल्या. त्यांना अंगठ्यापुरते भोक होते, पट्टा नव्हता. वेग वाढतो पण मनगटे दमतात, हे त्याने नंतर पत्रात लिहून ठेवले.

सरावात पॅडल रुजले ते १९६० आणि ७०च्या दशकांत, मुख्यतः अमेरिकेत. प्लास्टिकचा सपाट तुकडा आणि रबरी नळीचे दोन फास, एक मधल्या बोटाला, एक मनगटाला. हात नागमोडी ओढायची शिकवण तेव्हा जोरात होती, सरावाचे अंतरही वाढत होते आणि पॅडल हे ताकद वाढवायचे साधन मानले जाई. त्यामुळे आकार मोठा होत गेला. १९७४मध्ये पोहणाऱ्यांच्या खांदेदुखीला ‘स्विमर्स शोल्डर’ हे नाव वैद्यकीय लेखनात आले. दोष एकट्या पॅडलचा नव्हताच. पण पॅडलने तळवा रुंदावला की दर वेळी हात मारताना खांद्यावरचा भार वाढतो, आणि अंगठा आधी पाण्यात घालणाऱ्याचा खांदा आत वळलेल्या स्थितीतच तो भार झेलतो.

खरा वाद मनगटाच्या पट्ट्याचा आहे. पट्टा घट्ट असेल तर हात कसाही मारला तरी पॅडल जागेवर राहते आणि चूक लपते. तो काढून फक्त बोटाचा फास ठेवला की पॅडल बोलू लागते. पाण्यात शिरतानाच ते तळव्यापासून सुटले, तर बोटे वर उचललेली आहेत. आडवे घसरले, तर हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे जातो आहे. मांडीजवळ निघाले, तर शेवटी मनगट झटकले जाते आहे. कोपर उंच ठेवून हात आणि तळवा एकत्र मागे ओढायची पद्धत रुजल्यावर ही तपासणी फार मोलाची ठरली.

पट्ट्याच्या बाजूनेही मुद्दे आहेत. बटरफ्लायमध्ये हात पुढे फेकताना पॅडल उडते, गर्दीच्या लेनमध्ये ते कोणाला लागू शकते, वेगवान सेटमध्ये (ठरावीक अंतर पुन्हा पुन्हा पोहण्याच्या सरावात) सारखे थांबावे लागते. तरीही फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोकला पट्टा नकोच. बटरफ्लायला सैलसर चालेल. पुढे पट्टाच नसलेली, अंगठा अडकवायची पॅडलही बाजारात आली.

आकार तळव्यापेक्षा बोटभर मोठा पुरे. सुरुवातीला ५० मीटर आठ वेळा, मध्ये १५ ते २० सेकंद विश्रांती, आणि लगेच पॅडल काढून १०० मीटर सावकाश. पॅडलने तेवढ्याच अंतरात हात मारण्याची संख्या घटते, एकदा हात मारून कापलेले अंतर वाढते. संख्या घटूनही वेळ वाढत असेल, तर पॅडल मोठे आहे. बोटाचा फास आवळला की टोक बधिर होते. क्लोरीनने नळी चिरते, ती बदलत राहावी. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचले तर सेट तिथेच थांबवावा.

तलावातल्या स्पर्धांत पॅडलला बंदी आहे. स्वीडनमधून २००६ पासून स्पर्धा म्हणून पुढे आलेल्या स्विमरनमध्ये (आलटून पालटून पोहायचे आणि धावायचे) मात्र ते चालते. तिथे सुरुवातीला घेतलेले सामान शेवटपर्यंत बरोबर न्यावे लागते आणि लाटांत सुटलेले पॅडल परत मिळत नाही, म्हणून बरेच जण मनगटाचा पट्टा ठेवतात.