देवाचे पवित्र नाव (ख्रिस्ती श्रद्धा)

देवाचे पवित्र नाव : ख्रिस्ती श्रद्धेतील एक मूळ संकल्पना. बायबलमध्ये ‘देवाचे नाव’ म्हटले की त्यात देव स्वतः येतो, त्याने माणसाला करून दिलेली आपली ओळख येते आणि त्याची अब्रूही येते. मराठीला हा अर्थ परका नाही. ‘घराण्याचे नाव राखले’, ‘बापाचे नाव काढले’, ‘नाव घालवले’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो माणूस आणि त्याची पत यांची फारकत आपण करत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटकातील सीमाभागात ख्रिस्ती माणसे हे नाव मराठी, कानडी आणि कोकणी अशा तीन भाषांत घेतात. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतली पहिली मागणी नावाचीच आहे. रोजच्या भाकरीची मागणी चौथी येते. मराठीत ती ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ अशी, कानडीत ‘निन्न नामवु परिशुद्धवेंदु एणिसल्पडलि’ अशी आणि कोकणीत ‘तुजें नांव पवित्र जांव’ अशी म्हणतात. मराठी म्हणते ‘मानले जावो’, कानडी म्हणते ‘गणले जावो’, कोकणी सरळ ‘होवो’ म्हणते. जे नाव मुळातच पवित्र आहे ते आणखी पवित्र कसे होणार, हा प्रश्न कोकणी प्रार्थना ऐकताना पटकन मनात येतो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ सालच्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत त्याचे उत्तर दिले आहे: नाव स्वतः पवित्रच आहे, ते आपल्यातही पवित्र व्हावे म्हणून ही मागणी. मराठी आणि कानडी अनुवादकांनी हे उत्तर क्रियापदातच बसवले आहे.

झुडपातून आलेले उत्तर

नावाची कथा सुरू होते ती मेंढरांमागे फिरणाऱ्या एका माणसापासून. मोशे सासऱ्याची मेंढरे चारत होरेब डोंगरापाशी पोचला, तेव्हा त्याला पेटलेले पण जळून न जाणारे झुडूप दिसले. मिसर देशात (इजिप्तमध्ये) गुलामीत पडलेल्या आपल्या इस्राएली लोकांना सोडवून आण, असे देवाने त्याला तिथे सांगितले. मोशेने रोकडी अडचण पुढे केली: ‘लोक विचारतील, तुला पाठवणाऱ्याचे नाव काय? मी काय सांगू?’ मिळालेले उत्तर हिब्रूत ‘एह्ये अशेर एह्ये’ असे आहे. मराठी बायबलात ते ‘मी आहे तो आहे’ असे येते (निर्गम ३:१४).

या तीन हिब्रू शब्दांवर दोन हजार वर्षे लिहिले गेले आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी ‘असणारा’ असा शब्द वापरला आणि पुढे तत्त्वज्ञांनी त्यातून देव म्हणजे शुद्ध अस्तित्व, असा विचार उभा केला. तो विचार मोठा आहे. पण त्याच अध्यायात दोनच ओळी आधी मोशे ‘मी कोण जाणारा?’ म्हणून मागे सरतो, तेव्हा देव त्याला म्हणतो, ‘मी तुझ्याबरोबर असेन.’ तिथेही शब्द ‘एह्ये’ हाच आहे. हिब्रूतले हे क्रियापदरूप ‘आहे’ आणि ‘असेन’ या दोन्हींकडे झुकते. म्हणून प्रस्तुत लेखकाला या नावाचा सर्वांत जवळचा अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यात सापडतो: ‘मी आहे ना!’ तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसलेली आई हेच म्हणते. कर्जाने खचलेल्या धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून थोरला भाऊ हेच म्हणतो. त्या दोन शब्दांत ‘मी कोण’ हे सांगितलेले असते आणि ‘मी तुला सोडणार नाही’ हेही.

चार अक्षरे

याच ‘असणे’ क्रियापदाशी जोडलेले देवाचे विशेषनाव हिब्रूत योद, हे, वाव, हे अशा चार अक्षरांनी लिहितात. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, ते ६,८०० हून अधिक वेळा आले आहे. हिब्रू लिपीत मुळात केवळ व्यंजने लिहीत. नावाचा उच्चार वाचणाऱ्याला ठाऊक असे, पण पुढे यहुदी लोकांनी आदरापोटी तो करणेच सोडले. वाचताना ही चार अक्षरे आली की ते ‘अदोनाय’ म्हणजे ‘माझा प्रभू’ असे म्हणत. बोलताना ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’, असे म्हणत. यहुदी परंपरेनुसार प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक यरुशलेमच्या मंदिरात ते नाव उच्चारी. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि तोही प्रसंग संपला. पुढे शास्त्र्यांनी मजकुरात स्वरचिन्हे घातली, तेव्हा या चार व्यंजनांना ‘अदोनाय’चे स्वर लावून ठेवले, वाचणाऱ्याला आठवण राहावी म्हणून. व्यंजने एका शब्दाची, स्वर दुसऱ्या शब्दाचे असे एकत्र वाचले गेल्याने ‘यहोवा’ हे रूप आले. मूळ उच्चार ‘याह्वे’च्या जवळचा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

नाव ठाऊक असूनही न घेणे म्हणजे काय, हे मराठी घरात समजावून सांगावे लागत नाही. आपल्या आज्यांनी जन्मभर नवऱ्याला ‘अहो’ म्हटले, मुलाचे नाव घेऊन ‘अमक्याचे बाबा’ म्हटले. लग्नात उंबऱ्यावर नणंदांनी वाट अडवली आणि ‘नाव घे’ म्हणून हट्ट धरला की मगच ते नाव ओठांवर यायचे, तेही उखाण्याच्या दोन ओळींत गुंफून. बायबलमधल्या गीतांच्या ग्रंथात, स्तोत्रसंहितेतही, नावाची जागा अशीच आहे. दीडशे स्तोत्रांत ते पुन्हापुन्हा लिहिलेले आहे, गाण्याच्या ओळीत ओवलेले. फरक इतकाच की गाणाऱ्याने ओळीत ते नाव आले तरी तिथे ‘प्रभू’ म्हणायचे.

परमेश्वर आणि येहोव

ही चार अक्षरे भाषांतरात कशी आणायची, याचे दोन मार्ग पडले आणि सीमाभागात ते दोन्ही एकाच रस्त्यावर भेटतात. प्रचलित मराठी बायबलमध्ये चार अक्षरांच्या जागी ‘परमेश्वर’ येतो. परम आणि ईश्वर मिळून झालेला हा शब्द खरे तर पदवी आहे. यहुद्यांच्या ‘अदोनाय’मागून ग्रीकात ‘कुरिओस’ आणि लॅटिनमध्ये ‘दोमिनुस’ आले, त्याच वाटेने मराठी गेली. जुन्या कानडी बायबलने मात्र नावाचा आवाज धरून ठेवला: ‘येहोव’.

तेविसावे स्तोत्र दोन्ही भाषांत शेजारी ठेवून पाहावे. मराठी: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.’ कानडी: ‘येहोवनु ननगे कुरुबनु.’ मराठी वाचकाला ‘मेंढपाळ’ हा शब्द पुस्तकी वाटू शकतो. पण कुरुब म्हणजे या भागात डोळ्यांसमोरचा माणूस आहे: खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पीक निघालेल्या रानात खतासाठी मेंढरे बसवून रात्रभर त्यांच्याजवळ जागणारा. देवाला ‘कुरुब’ म्हणणारी ओळ ऐकली की स्तोत्र राजवाड्यातून माळावर उतरते. मराठी अनुवादाने तिथे ‘धनगर’ म्हटले असते तर तेही शोभले असते, असे मला मनापासून वाटते.

देवाला आपले असे एक नाव आहे, हे कानडी ओळीतून लगेच कळते. ते नाव सहज तोंडी घ्यायचे नसते, ही अदब मराठी ओळीत जपली आहे. दोन्ही भाषा जाणणाऱ्या सीमाभागातल्या श्रोत्याला दोन्ही मिळते. मराठी अनुवादकांच्या बारकाव्याचे आणखी एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. ‘हालेलूया’ या हिब्रू शब्दात त्या नावाचे आखूड रूप ‘याह’ दडलेले आहे. अर्थ ‘याहची स्तुती करा’. शेवटच्या स्तोत्रांत मराठी बायबल तिथे ‘परमेशाचे स्तवन करा’ म्हणते. नाव आखडले तसा ‘परमेश्वर’ही आखडून ‘परमेश’ झाला.

कॅथलिक उपासनेत ही चार अक्षरे उच्चारू नयेत, त्यांच्या जागी ‘प्रभू’ या अर्थाचा शब्द वापरावा, असे व्हॅटिकनने २९ जून २००८ च्या पत्राने कळवले आहे.

पवित्र आणि सोवळे

‘पवित्र’साठी हिब्रू शब्द ‘कादोश’. त्यात ‘वेगळा काढलेला’ असा अर्थ आहे. मराठी कानाला इथे सोवळे आठवते आणि इथेच घोटाळा होतो. सोवळ्याला स्पर्शाची भीती असते: ओवळ्याचा हात लागला की सोवळे मोडते. जुन्या करारातही शुद्ध-अशुद्धाचे कडक नियम आहेत, हे खरे. पण यशया संदेष्ट्याला मंदिरात ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ असा घोष ऐकू येतो आणि तो ‘मी अशुद्ध ओठांचा माणूस’ म्हणून हाय खातो, तेव्हा वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लावला जातो आणि तो शुद्ध होतो. पावित्र्य अशुद्धाकडे चालत येते. शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथात, येशू कुष्ठरोग्याला हात लावतो. येशू विटाळत नाही, रोगी बरा होतो. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागले, त्या घरांतून मंडळीत आलेल्या माणसांना पवित्र नावाचा हा अर्थ केवढा वाटला असेल!

मग नाव विटाळते कशाने? यहेज्केल संदेष्ट्याने ते स्पष्ट सांगितले आहे. देवाचे म्हणवणारे लोक वाईट वागले आणि परक्या राष्ट्रांत देवाच्या नावाला बट्टा लागला. ‘माझे थोर नाव मी पवित्र ठरवीन,’ असे देव तिथे म्हणतो (अध्याय ३६). मुलाने दारू पिऊन बापाचे नाव घालवावे, तसा हा प्रकार आहे.

‘देवाचे नाव व्यर्थ घेऊ नकोस’ या आज्ञेचाही गाभा हाच. (दहा आज्ञांच्या मोजणीत ती कॅथलिक आणि लूथरन परंपरेत दुसरी, इतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तिसरी.) बाजारात सौदा पटवताना ‘देवाशप्पथ’ म्हणणे तिच्यात येतेच, येशूने तर शपथ वाहूच नका, तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या, असे शिकवले. पण हिब्रू क्रियापदाचा मूळ अर्थ ‘उचलणे, वाहून नेणे’ असा आहे. म्हणजे देवाचे नाव लावायचे आणि ते पोकळपणे मिरवायचे, हाही त्या आज्ञेचा भंग. रविवारी पहिल्या बाकावर बसणारा माणूस सोमवारी तराजूत मारत असेल, तर त्याने तोंडाने एकही शपथ न घेता ही आज्ञा मोडलेली असते.

येशूचे नाव

‘येशू’ हे ‘येशुआ’ या हिब्रू नावावरून आले. अर्थ ‘परमेश्वर तारण करतो’. मत्तयाच्या शुभवर्तमानात देवदूत योसेफाला हे नाव ठेवायला सांगतो आणि कारणही देतो: तो आपल्या लोकांना पापांपासून तारील. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःबद्दल ‘मी आहे’ असे म्हणतो, ‘अब्राहामाच्या आधी मी आहे’ असेही, आणि ऐकणारे दगड उचलतात. झुडपातल्या उत्तराचा प्रतिध्वनी त्यांनी ओळखलेला असतो. फिलिप्पैकरांस पत्रात पौल म्हणतो की देवाने त्याला सर्व नावांपेक्षा श्रेष्ठ नाव दिले. बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या ‘नावाने’ होतो. व्यक्ती तीन, पण मूळ ग्रीकात ‘नाव’ एकवचनी आहे.

प्रार्थनेच्या शेवटी ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’ म्हणण्याचा अर्थ आपल्या एका साध्या वाक्याने उलगडतो: ‘माझं नाव सांग, काम होईल.’ मागणाऱ्याची स्वतःची काही पत नसते. ज्याचे नाव सांगितले त्याची पत बघून दार उघडते.

कॅथलिक वेदीवर दिसणारी आय, एच, एस ही तीन अक्षरे ग्रीक लिपीतल्या येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरे आहेत. पंधराव्या शतकात सिएनाच्या संत बर्नार्दिनोने त्यांचा मोठा प्रसार केला. येशूच्या पवित्र नावाचा सण १७२१ साली सर्व कॅथलिक चर्चसाठी लागू झाला. आज तो ३ जानेवारीला असतो.

सीमाभागातील वाटचाल

बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० मध्ये सुरू झाले. मराठीतले आरंभीचे कादंबरीकार बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावचाच. इथल्या मिशन शाळेत ते शिकले आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कॅथलिक श्रद्धा मुख्यतः गोव्याकडून घाट चढून आली आणि आपल्याबरोबर कोकणी प्रार्थना घेऊन आली. बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९५३ मध्ये झाला. ‘परमेश्वर’, ‘देव’, ‘प्रभू’ हे शब्द मात्र कोणत्याही मिशनने आणलेले नाहीत. ते इथल्या भजनांत, ओव्यांत आधीपासून होते. नाम घेण्याची सवयही होती. पंढरीच्या वाटेवर नाम घेत चालणाऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला ‘प्रभूचे नाव घे’ हे सांगणे नवखे वाटले नाही.

ज्या शहराचे स्वतःचे नाव बेळगाव की बेळगावी यावर माणसे जिवाला लावून घेतात, तिथे नावात काय असते हे कुणाला शिकवावे लागत नाही.

मुलांची नावे ठेवतानाही देवाचे हे नाव घरात येते. योहान, मराठी-कानडी घरांत सारखाच. कोकणी घरात तोच जुवांव, आणि शाळेच्या पटावर जॉन. तिन्ही एकाच हिब्रू नावाची रूपे: ‘योहानान’, म्हणजे ‘याहने कृपा केली’. मत्तय म्हणजे त्याने दिलेले दान. जखऱ्या म्हणजे त्याने आठवण ठेवली. दिवेलागणीला अंगणातून ‘ए जॉन, चल जेवायला’ अशी हाक येते, तेव्हा महायाजकाने वर्षातून एकदा उच्चारायच्या त्या नावाचा अंश त्या हाकेत असतो.