समुद्रावर तरंगणारी विहीर

सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलेला माणूस दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींत वाकून पाहिल्याशिवाय परतत नाही. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोडं, हे कसं? उत्तरं दोनच ऐकायला मिळतात. एक तर 'चमत्कार', नाही तर 'डोंगरातून समुद्राच्या तळाखालून आलेला झरा'. दुसरं उत्तर शास्त्रीय वाटतं म्हणून जास्त पसरतं, पण या झऱ्याची गरजच नाही. किल्ल्यावर पडणारा पाऊस पुरेसा आहे.

अर्थात सिंधुदुर्ग हे कातळाचं बेट. तिथे पाणी खडकाच्या भेगांमधून साठतं आणि प्रत्येक भेगेचा हिशोब निराळा. ही गोष्ट स्वच्छ दिसते ती वाळूच्या बेटावर, म्हणजे लक्षद्वीपला. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या भेटीचे फोटो आले आणि जो तो लक्षद्वीपच्या सहलीची चौकशी करू लागला. परवाना, विमान, बोट, स्नॉर्केलिंग, सगळ्याची विचारपूस झाली; अंघोळीचं पाणी येतं कुठून, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. एकूण 36 बेटं, जमीन सगळी मिळून 32 चौरस किलोमीटर. नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. अगत्ती बेट सर्वांत रुंद जागीही जेमतेम एक किलोमीटर भरतं. तरीही काही हात खणलं की गोडं पाणी लागतं.

वर्षाला साधारण 1500 ते 1600 मिलिमीटर पाऊस पडतो आणि प्रवाळाच्या वाळूत तो सरळ मुरतो. खाली त्याला काय भेटतं? खडक नव्हे, समुद्रच. बेटाखालची वाळू खाऱ्या पाण्याने आधीच भरलेली असते. गोडं पाणी हलकं असल्यामुळे ते या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं.

किती खोल, हे शाळेतल्या गणिताने काढता येतं. एक लिटर गोड्या पाण्याचं वजन 1000 ग्रॅम, समुद्राच्या पाण्याचं साधारण 1025. म्हणजे 40 मीटर उंचीच्या खाऱ्या स्तंभाला तोलून धरायला 41 मीटर गोडं पाणी लागतं. त्यातलं 40 मीटर समुद्रपातळीच्या खाली, वर डोकावतं ते फक्त एक मीटर. म्हणून विहिरीतली पातळी समुद्रापेक्षा 30 सेंटिमीटर उंच असेल, तर खाली 12 मीटर गोडं पाणी असायला हवं. बादॉन-खायबेन या डच लष्करी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे मांडलं आणि 1901 मध्ये जर्मनीच्या हर्झबर्गने उत्तर समुद्रातल्या एका बेटावरून तेच स्वतंत्रपणे काढलं. आता नियमाला दोघांचंही नाव आहे.

पण पाणी वाळूत सपाट का पसरत नाही, मधे फुगवटा का? कारण वाळू वाट अडवते. मधोमध मुरलेल्या थेंबाला किनारा गाठून समुद्रात निसटायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात पुढचा पाऊस येतो. काठाजवळचं पाणी लवकर सुटतं. त्यामुळे साठ्याचा आकार भिंगासारखा होतो, मधे जाड आणि कडांना पातळ. बेट दुप्पट रुंद असेल तर भिंग दुप्पट जाड, मात्र पाऊस दुप्पट झाला तर जाडी वाढते जेमतेम 1.4 पट, कारण जाडी पावसाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. रुंदीपुढे पावसाचं फारसं चालत नाही. त्यातही कंकणद्वीपांची, म्हणजे उथळ पाण्याभोवती कड्यासारख्या वाढलेल्या अशा प्रवाळबेटांची, एक खोड आहे. वरच्या वाळूखाली जुना चुनखडक असतो, पूर्वी कधी समुद्र ओसरल्यावर पावसाने विरघळवून पोखरलेला. त्याच्या पोकळ्यांतून समुद्र मोकळा खेळतो, म्हणून गणित काहीही सांगो, भिंग त्या खडकाशी पोचलं की तिथेच तुटतं.

याच पोखरलेल्या खडकामुळे आणखी एक गैरसमज होतो. बेटाच्या मधल्या विहिरीचं पाणीसुद्धा भरतीला चढतं आणि ओहोटीला उतरतं. पाहणाऱ्याला वाटतं, समुद्र विहिरीत शिरतोय. खरं तर भरतीचा दाब खालून येतो आणि अख्खं भिंग उचलतो. पाण्यावरच्या होडीसारखंच हे. विहिरीच्या कठड्यावर खडूची खूण करून दर तासाला पाहिलं तर समुद्राच्या मागून, थोड्या उशिराने चालणारी ही भरती मोजता येते. मात्र या रोजच्या वर-खाली होण्याने भिंगाची खालची कड घुसळली जाते. गोडं संपलं आणि खारं सुरू झालं अशी रेघ तिथे नसते, मधे मचूळ पाण्याचा जाड पट्टा असतो. म्हणून 12 मीटरच्या हिशोबातलं पिण्याजोगं पाणी त्याहून बरंच कमी निघतं.

आणि पाणी बिघडायला किती खारं लागतं? समुद्राच्या एका लिटरमध्ये क्लोराइड असतं सुमारे 19,000 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा 250. वीस लिटरच्या बादलीत 400 मिलिलिटर, म्हणजे दोन पेले समुद्राचं पाणी टाका, क्लोराइड 380 वर जातं. दोन टक्क्यांतच खेळ आटोपतो.

आता पंपाकडे. विहिरीतली पातळी उपशाने 10 सेंटिमीटर उतरली, तर तोल सांभाळायला खालची खारी सीमा चार मीटर वर यायला पाहते. चाळीसचा आकडा आता उलटा फिरतो. ही सीमा सपाट वर येत नाही, बरोबर पंपाखाली शंकूसारखी उठते. बोअर जितकी खोल आणि मोटर जितकी दांडगी, तितका शंकू लवकर तोंडाशी येतो. एकदा पाणी मचूळ झालं की पंप बंद केल्यावर शंकू बसतो, पण सावकाश, आणि मधल्या वाळूत मीठ मागे ठेवूनच.

हे घरी पाहता येतं. पाव लिटरच्या काचेच्या पेल्यात दोनशे मिलिलिटर पाणी घ्या, सात ग्रॅम मीठ (सव्वा चहाचा चमचा) पूर्ण विरघळवा आणि पाणी स्थिर होऊ द्या. साध्या पाण्यात बिटाचा रस मिसळा आणि पृष्ठभागाला टेकवलेल्या चमच्याच्या पाठीवरून थेंब-थेंब सोडा. घाईने ओतलं तर सगळं एक होतं, तिथेच बहुतेकांचा प्रयोग फसतो. बोटभर रंगीत थर जमला की स्ट्रॉचं टोक त्या थरात वरच्या वर धरा. हळू ओढलं तर रंगीत पाणी येतं. जोराने ओढलं की खालच्या बिनरंगी पाण्याला टेंगूळ येतं आणि खारट घोट तोंडात येतो.

म्हणून अशा बेटावर एका खोल बोअरपेक्षा उथळ, पसरलेल्या अनेक विहिरी बऱ्या, किंवा पाण्याच्या पातळीलगत आडव्या पुरलेल्या भोकांच्या नळ्या. उपसा थोडा-थोडा, दिवसभर.

लक्षद्वीपची राजधानी कवरत्तीला राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने 2005 मध्ये वेगळा मार्ग काढला, समुद्राचंच पाणी गोडं करायचा. पृष्ठभागाचं 28 अंशांचं पाणी जवळजवळ निर्वात टाकीत सोडायचं. दाब हवेच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही कमी असला की ते तेवढ्याच उष्णतेवर उकळतं. सुमारे 350 मीटर खोलीवरून आणलेलं 12-13 अंशांचं पाणी ती वाफ थंड करतं. पाणी सात अंशांनी गार होताना शंभरातला जेमतेम एक भाग वाफ होतो, म्हणून पाइप मोठे लागतात. रोजची क्षमता एक लाख लिटर. 2011 च्या जनगणनेत कवरत्तीची वस्ती अकरा हजारांवर होती, म्हणजे माणशी नऊ लिटर. पिणं-रांधणं भागतं. पाहुण्याचा पंधरा मिनिटांचा शॉवर यात बसत नाही.

शॉवरचं पाणी जातं कुठे? त्याच वाळूत. प्रवाळाची भरड वाळू पाणी पटकन सोडते, गाळत फारसं नाही, म्हणून शोषखड्डा आणि विहीर शेजारी असल्या की एकाचं दुसऱ्यात उतरतं. उरलेलं भिंगाच्या पातळ कडेतून लगूनमध्ये, म्हणजे बेटालगतच्या प्रवाळाने वेढलेल्या उथळ पाण्यात, पाझरतं आणि सांडपाण्यातलं नायट्रोजन बरोबर नेतं. त्यावर शेवाळ पोसतं आणि शेवाळ प्रवाळाची जागा घेतं.

हा पाझर डोळ्यांनी दिसतो. ओहोटीच्या तळाला, विशेषतः उधाणाच्या दिवसांत, गुडघाभर पाण्यात मास्क लावून वाळूकडे पाहत राहा. लाटा शांत असाव्यात, आणि ओहोटीला लगूनमधलं पाणी जिथून बाहेर ओढलं जातं त्या खिंडीपासून लांब राहावं. स्वच्छ पाणी एका जागी अचानक धूसर होतं, तापलेल्या डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते तसं. गोडं आणि खारं पाणी प्रकाश वेगवेगळा वाकवतात आणि मिसळताना ही थरथर उमटते. हात फिरवला की ती विस्कटते, क्षणभराने वाळूतून पुन्हा वर येते.