मृदाजीवाणूंतील कार्बनस्रोत-निवडीचे जनुकीय नियंत्रण

मातीत अनेक प्रकारचे कार्बनयुक्त अन्न एकाच वेळी उपलब्ध असताना त्यांपैकी कोणते आधी वापरायचे, हे जीवाणू ज्या जनुकीय यंत्रणेने ठरवतो तिला अपचयी निरोधन म्हणतात. पसंतीचे अन्न शिल्लक असेपर्यंत इतर अन्न पचवणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) जनुके दबलेली राहतात आणि नको असलेली विकरे बनवण्याचा खर्च वाचतो. दोन शर्करांच्या मिश्रणात जीवाणूंची वाढ मध्ये थबकून दोन टप्प्यांत होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ झाक मोनो यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी दाखवले.

नाशिक परिसरातील अनेक शेतकरी २०० लिटर पाण्यात शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून जीवामृत करतात. या ड्रममधील बॅसिलस सबटिलिससारखा जीवाणू आधी गुळातील साखरेवर वाढतो. ग्लुकोजचे विघटन जोरात सुरू झाले की पेशीत फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट हा त्या विघटनातील मधला पदार्थ साचतो. त्यामुळे एचपीआर या प्रथिनातील ४६व्या स्थानावरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट गट बसतो, आणि असे एचपीआर सीसीपीए या नियामक प्रथिनाशी जोडले गेले की ती जोडी डीएनएवरील ठरावीक जागी बसून प्रतिलेखन, म्हणजे जनुकाची आरएनए प्रत बनणे, रोखते. बेसनातील स्टार्च फोडणाऱ्या अमायलेजचे जनुक अशा प्रकारे दबणाऱ्या जनुकांपैकीच आहे. अर्थात ड्रममध्ये जीवाणूंच्या असंख्य जाती एकत्र नांदत असल्याने तेथील चित्र प्रयोगशाळेतल्याइतके साफ नसते.

ग्लुकोज हेच सर्वांचे आवडते अन्न, हा समज मात्र चुकीचा आहे. द्राक्षबागायतदारांच्या परिचयाचा स्यूडोमोनस हा जीवाणू सक्सिनेटसारख्या सेंद्रिय आम्लांना ग्लुकोजपेक्षा आधी हात घालतो. मुळांतून अशी आम्ले सतत झिरपत असल्याने मुळांलगत राहणाऱ्या जीवाणूला ही पसंती सोयीची असावी. त्याची यंत्रणाही निराळी आहे. येथे जनुकाचे प्रतिलेखन होऊन संदेशी आरएनए तयार होतो, पण सीआरसी व एचएफक्यू ही प्रथिने त्याला चिकटून प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमला अडवतात, म्हणजे रोध भाषांतरणाच्या (संदेशावरून प्रथिन बनण्याच्या) पायरीवर पडतो. पसंतीचे अन्न संपत आले की सीबीआरए-सीबीआरबी ही संवेदक जोडी सीआरसीझेड नावाच्या लहान आरएनएचे प्रमाण वाढवते. तो एचएफक्यूला स्वतःकडे ओढून घेतो आणि अडलेले संदेश मोकळे होतात.

स्ट्रेप्टोमायसिस या प्रतिजैविके बनवणाऱ्या मृदाजीवाणूंत ग्लुकोजमुळे होणारे हे निरोधन मुख्यत्वे ग्लुकोज कायनेज या विकरामार्फत चालते, आणि ग्लुकोज भरपूर असताना त्याच्या अनेक जातींत प्रतिजैविकांची निर्मितीही मंदावते.