जुन्या गाडीचा बॉल जॉइंट सोडवायला कोणतं हत्यार घ्याल?

काउंटरवर आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एवढंच म्हणतं, "बॉल जॉइंट पुलर द्या." (बॉल जॉइंट म्हणजे वाटीत गोळी फिरते तसा चाकाचा किंवा स्टिअरिंगचा सांधा, आणि पुलर म्हणजे तो सोडवायचं हत्यार.) मग आम्ही उलट विचारतो: गाडी कोणती, सांधा कुठला, आणि तो परत बसवायचाय की भंगारात टाकायचाय? काहींना हा चौकसपणा आवडत नाही. पण या तीन उत्तरांवर हत्यार बदलतं, आणि कधीकधी हत्यार लागतच नाही. दुकानात गर्दी असली की एवढं समजावून सांगायला सवड होत नाही, म्हणून हे पत्रक. जुन्या गाडीचं काम स्वतः करणाऱ्यांसाठी आणि आपल्या मेकॅनिककडून नीट करून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी.

आधी गाडीखाली वाकून बघा

प्रीमियर पद्मिनीवाले आमच्याकडे सर्वांत जास्त येतात. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाडीच्या पुढच्या चाकाला किंग पिन (चाक जिच्याभोवती वळतं ती जाड उभी खीळ) आहे, बॉल जॉइंट नाही. किंग पिन काढायला कोणताही बॉल जॉइंट पुलर उपयोगाचा नाही. ते प्रेसचं किंवा ड्रिफ्ट (ठोकायची धातूची कांडी) लावून ठोकायचं काम. पुलर लागतो तो स्टिअरिंगच्या रॉडांसाठी. त्यांच्या टोकांना जे टायरॉड एंड असतात ते खरे बॉल जॉइंटच. जुन्या मार्कच्या अॅम्बॅसडरचंही तेच: पुढे टॉर्शन बार आणि किंग पिन, बॉल जॉइंट फक्त स्टिअरिंगच्या रॉडांना.

स्टँडर्ड हेराल्डची गोष्ट वेगळी. ट्रायम्फ हेराल्डवरून मद्रासला १९६१पासून बनू लागलेल्या या गाडीला वरच्या बाजूला बॉल जॉइंट आणि खालच्या बाजूला पितळी ट्रनियन आहे. ट्रनियन आट्यांवर फिरतो, त्याला पुलर लावायचा प्रश्नच येत नाही. (जाता जाता: त्यात ग्रीस भरू नका, ई.पी. ९० गिअर ऑइलच घाला. तिथल्या आट्या कोरड्या पडून व्हर्टिकल लिंक (वरचा-खालचा सांधा जोडणारा उभा भाग) तुटणं हे या गाडीचं जुनंच दुखणं आहे.)

मारुती ८०० आता 'जुनी गाडी' म्हणून जपली जाते. १९८३ सालची पहिली मारुती चाळिशी ओलांडून गेली, तेव्हा त्यात नवल नाही. तिच्या खालच्या आर्मचा बॉल जॉइंट नकलमध्ये (चाक धरणाऱ्या भागात) नुसत्या आडव्या बोल्टने आवळलेला असतो. तिथे टेपर (निमुळती घट्ट बैठक) नाही, म्हणून पुलर नको. फक्त तो बोल्ट ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. कारण तो स्टडवरच्या (जॉइंटच्या दांड्यावरच्या) खाचेतून गेलेला असतो. बोल्ट तसाच ठेवून पहार लावून आर्म खाली ओढत बसलेले लोक आम्ही पाहिलेत. टायरॉड एंड मात्र तिलाही टेपरचाच, त्याला पुलर लागतो.

तो सांधा सुटत का नाही

बॉल जॉइंटचा स्टड निमुळता असतो आणि तो तितक्याच निमुळत्या भोकात बसतो. ज्या भागात हे भोक असतं त्याला आम्ही डोळा म्हणतो. नटाचं काम एवढंच की स्टडला डोळ्यात ओढून घट्ट बसवायचं. एकदा बसला की नट काढला तरी तो जागचा हलत नाही, निव्वळ घर्षणावर धरून राहतो. त्यावर वीस-तीस पावसाळ्यांचा गंज. म्हणून 'नट काढला पण रॉड निघत नाही' ही तक्रार म्हणजे गाडीत बिघाड आहे असं नाही, सांधा हवा तसा बसलाय इतकंच.

सोडवायचे मार्ग दोनच: स्टडला सरळ मागे ढकलायचं, नाहीतर डोळ्याला क्षणभर वाकवून पकड सोडवायची. बाजारात मिळणारं प्रत्येक हत्यार यांतलं एक काम करतं. महागडं असो, स्वस्त असो.

फोर्क: स्वस्त, दणकट, आणि रबराचा वैरी

दोन पात्यांची पाचर, मागे दांडा. डोळा आणि जॉइंट यांच्यामध्ये घालायची आणि घणाने हाणायची. काम हमखास होतं, आणि तितक्याच हमखास रबरी बूट (जॉइंटवरचं टोपण) फाटतो. पाती बूट चिरडतच आत जातात, त्यावर इलाज नाही. बूट फाटला की धूळ-पाणी आत जातं आणि चांगला जॉइंट थोड्याच दिवसांत खडखडू लागतो.

तेव्हा जॉइंट फेकूनच द्यायचा असेल तरच फोर्क घ्या. रुंदी बघून घ्या: साधारण १८ मिमी फटीचा टायरॉडसाठी, २४ मिमीचा सस्पेन्शनच्या बॉल जॉइंटसाठी, २९ मिमीचा पिटमन आर्मसाठी (स्टिअरिंग बॉक्सच्या दांड्यासाठी). रुंद फोर्क बारीक स्टडला लावला तर पाती डोळ्याच्या कडेवरून सटकतात, आणि घणाचा पुढचा घाव कुठे बसेल याचा भरवसा नसतो.

'नवा जॉइंटच टाकू, जुना कशाला जपायचा' हा विचार पूर्वी ठीक होता. पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर त्यांचे भाग गल्लोगल्ली मिळत. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. आता मिळणाऱ्या नव्या टायरॉड एंडमध्ये डाव्या-उजव्याचा फरक चुकलेले, टेपर नीट न बसणारे नग आमच्याही हातात येतात. मूळचा जॉइंट घट्ट असेल, खेळ नसेल, तर तो वाचवणंच शहाणपणाचं. ब्रेकच्या किंवा किंग पिनच्या कामासाठी रॉड फक्त बाजूला करायचा असेल तर फोर्कचं नावच काढू नका.

कात्री पुलर: दहातल्या आठांना आम्ही हाच देतो

दोन जाड जबडे मधोमध पिनेवर जोडलेले, मागच्या टोकाला एक लांब बोल्ट. खालचा दुपाखी जबडा बूट आणि डोळा यांच्या मधल्या फटीत सरकवायचा, वरचा जबडा स्टडच्या टोकावर टेकवायचा. मागचा बोल्ट आवळला की वरचा जबडा स्टडला डोळ्यातून बाहेर ढकलू लागतो. पातळ जबडा सावकाश, न फिरवता सरकवला तर बूट शाबूत राहतो. त्याआधी बूटला बोटाने थोडं ग्रीस लावून तो मागे दाबला तर आणखी बरं.

पण घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची, जबडे फोर्ज केलेले (तापवून ठोकून घडवलेले) आहेत का. ओतीव जबड्याचा पुलर दिसायला तसाच असतो आणि किमतीला निम्मा; जोर आला की जबडा उघडतो किंवा कडकन तुटतो. ओतीव नगाचा पृष्ठभाग खरबरीत असतो आणि साच्याची बारीक रेघ दिसते. फोर्ज केलेल्या नगावर तासून काढलेली रुंद पट्टी दिसते. दुसरी, मागच्या बोल्टच्या आट्या बारीक हव्यात आणि वापरण्याआधी त्यांना ग्रीस हवं. कोरड्या आट्या ताणाखाली सोलून निघतात. तिसरी, जबड्याची फट. तुमचा स्टड १४ मिमीचा असेल आणि फट २४ची, तर जबडा डोळ्याच्या काठावरच कसाबसा टेकतो आणि तिरका ओढतो. १८ ते २२ मिमी फटीच्या पुलरने बहुतेक टायरॉडची कामं होतात.

स्वतः पडताळून बघायचं तर व्हर्नियर घेऊन दोनच मापं घ्या: डोळ्याजवळ स्टडची जाडी, आणि डोळ्याच्या खालच्या कडेपासून स्टडच्या टोकापर्यंतची उंची. दुसरं माप जबड्याच्या उघडण्यापेक्षा जास्त भरलं तर तो पुलर तुमच्या कामाचा नाही, कितीही चांगला असला तरी.

सी-आकाराचा पुलर

एकसंध चौकट आणि मधोमध स्क्रू. जोर अगदी सरळ रेषेत लागतो, हा याचा गुण. अवगुण हा की त्याला जागा जास्त लागते आणि जुन्या गाड्यांत ती नसते. हेराल्डच्या वरच्या जॉइंटला नट खालून आहे, तिथे हा सहसा मावत नाही. तिथे जॉइंटला विशबोनशी (वरच्या आर्मशी) धरणारे दोन बोल्ट काढायचे, लिंकसकट जॉइंट सुटा करायचा आणि टेबलावर व्हाइसमध्ये धरून मग पुलर लावायचा. हायड्रॉलिक पुलरही येतात. ट्रकवाल्यांनी जरूर घ्यावेत, मोटारीसाठी पैसे घालवू नका.

दोन हातोड्या

गॅरेजमधला जुना मिस्त्री पुलर घेतच नाही. डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडी टेकवून धरतो आणि बरोबर समोरच्या बाजूला दुसऱ्या हातोडीने फटका मारतो. डोळा क्षणभर अंडाकृती होतो आणि टेपर सुटतो. बूटला धक्काही लागत नाही. पद्धत उत्तम आहे, पण आर्म जाड लोखंडी फोर्जिंगचा असला तरच. फटका डोळ्यावरच पडला पाहिजे, स्टडच्या टोकावर कधीही नाही. टोकावर ठोकलं की पहिल्याच घावात आट्या फुलतात, मग नट ना पुढे जातो ना मागे.

आमचा सल्ला असा: पुलर आणि हातोडी एकत्र वापरा. पुलर आवळून ताण द्या, जोर जाणवू लागला की थांबा आणि डोळ्याच्या बाजूवर एक सणसणीत टोला द्या. बहुतेक जॉइंट तिथेच 'टक्' करून सुटतात. आवळतच राहिलात तर आधी पुलर हरतो.

हे मात्र विसरू नका

नट पूर्ण काढू नका. स्प्लिट पिन काढा, नट दोन-तीन आट्या सैल करा आणि तसाच राहू द्या. टेपर सुटतो तेव्हा साठलेला सगळा ताण एकदम मोकळा होतो. नट नसेल तर पुलर उडून तोंडावर येऊ शकतो. शिवाय नट टोकाला बरोबरीत असला की पुलरचा जोर नटावरही वाटला जातो आणि आट्या वाचतात. कॅसल नट (वर खाचा असलेला) असेल तर पुलर लावण्याआधीच तो काढून उलटा लावा, सपाट बाजू वर करा.

सस्पेन्शनचा जॉइंट असेल तर खालच्या आर्मखाली जॅक हवाच. काँटेसासारख्या गाडीत दोन आर्मच्या मध्ये दाबलेली कॉइल स्प्रिंग असते. जॉइंट सुटला आणि आर्मला आधार नसला तर ती स्प्रिंग आर्मला खाली भिरकावते, आणि तिथे तुमचा गुडघा असेल तर तो गेलाच समजा. गाडी घोडीवर (स्टँडवर), जॅक फक्त आर्मसाठी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणाऱ्याला आम्ही हत्यार विकत नाही, हे थट्टेनं लिहिलेलं नाही.

गॅस लावू नका. डोळा तापवला की सुटतो खरा, पण आतलं ग्रीस आणि बूट जळतात, आणि स्टिअरिंग आर्मच्या पोलादाचा पाणीदारपणा जातो. गंज असेल तर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा.

टायरॉड एंड रॉडवरून काढायचा असेल तर आधी लॉक नटाजवळ रंगाची खूण करा आणि काढताना फेरे मोजा. एका बाजूचा एंड बहुधा उलट्या आटीचा असतो, हे विसरून लोक जोर लावून आवळत बसतात. फेरे मोजून नवा एंड तितकाच बसवलात तर गाडी व्हील अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाईल. अलाइनमेंट टाळू मात्र नका.

बसवताना टेपर आणि डोळा दोन्ही कोरडे, स्वच्छ पुसलेले हवेत. तिथे ग्रीस लावायची सवय बऱ्याच जणांना आहे. ती मोडा, ग्रीस लागलेला टेपर नीट पकड घेत नाही. नट आवळताना स्टडही सोबत फिरू लागला तर खालून जॅकने जॉइंट हलकेच वर दाबून धरा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळा, मागे सैल करू नका. पिन दर वेळी नवी. ती चिल्लरच्या भावात मिळते आणि काउंटरवर मागितली तर आम्ही पुलरबरोबर तशीच देतो.

भाड्याने की विकत?

वर्षातून एखादा जॉइंट सोडवणार असाल तर विकत घेऊ नका. कात्री पुलर आणि सी-पुलर आमच्याकडे अनामत ठेवून दिवसाच्या भाड्याने मिळतात. फोर्क भाड्याने देत नाही, तो घणाचे घाव खाऊन परत येतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला देण्याच्या लायकीचा राहत नाही. अॅम्बॅसडर आणि हेराल्डवाल्यांनी नटासाठी इंची पाने घेऊन जावेत. मिमीचा पाना 'जवळपास' बसतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो.

येताना जॉइंटचे मोबाइलवर दोन फोटो आणा, एक बाजूने आणि एक खालून, शेजारी फूटपट्टी धरून. गाडीचं नाव आणि साल सांगा. आधीच्या मालकाने किंवा एखाद्या मेकॅनिकने कधीतरी दुसऱ्याच गाडीचा एंड बसवलेला असतो, तो फोटोत लगेच ओळखू येतो.