हलशीच्या ताम्रपटातली कार्तिक पुनव

कार्तिक अष्टमीपासून पुनवेपर्यंत बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या जैन घरांत अष्टान्हिक पर्व पाळतात. पूजा, अभिषेक, उपवास. हे आठ दिवस किती जुने, याचा पुरावा आपल्याच खानापूर तालुक्यात, हलशीला सापडला.

हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची पलाशिका. तिथल्या एका ताम्रपटात राजा रविवर्म्याने सुमारे १५०० वर्षांपूर्वी घालून दिलेला नेम कोरलेला आहे. जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव दरवर्षी कार्तिक पौर्णिमेला व्हावा, खर्च पुरुखेटक गावाच्या उत्पन्नातून भागावा आणि पावसाळ्याचे चार महिने तपस्व्यांच्या जेवणाची सोय व्हावी. मला यातली चार महिन्यांची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. खानापूरचा पाऊस ज्याने अंगावर घेतलाय त्याला ती फोड करून सांगावी लागत नाही. ओढे भरले की वाटा तुटतात, साधू एका गावी अडकतो, त्याच्या पोटाची काळजी गावानेच करायची. कार्तिकात वाटा मोकळ्या होतात, भात कापणीला येतं. उत्सव तेव्हाच धरला, यात शहाणपण आहे.

पुढे रट्ट राजघराण्याच्या काळात बेळगाव, तेव्हाचं वेणुग्राम, राजधानी झालं. चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचण याने इथे जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधलं. त्या मंदिराला दिलेल्या दानाच्या शिलालेखात दिवस आहे पौष शुद्ध द्वितीया, शनिवार, उत्तरायण संक्रमण; म्हणजे २५ डिसेंबर १२०४. संक्रांत तेव्हा डिसेंबरात येई! दान द्यायचं ते पर्वकाळ साधून, ही रीत राजाची होती. हळदीकुंकवाला वाण देणारी आपली आईही तीच पाळते. तो लेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, बेळगावात नाही, याची हळहळ वाटते.

रट्टांची आधीची राजधानी सौंदत्ती. तिथल्या डोंगरावरचं यल्लम्माचं देऊळ रायबागच्या बोमप्पा नायकाने १५१४ मध्ये बांधल्याचं सांगतात. तिथला नेम मात्र राजाने नव्हे, जोगतिणींनी आणि बायाबापड्यांनी राखला. मार्गशीर्षात रांडाव पुनवेला नवऱ्याच्या, जमदग्नीच्या, मरणाचं दुःख धरून देवीच्या बांगड्या वाढवतात. पुढे अहेव पुनवेला तिला पुन्हा हिरवा चुडा भरतात, आणि ‘उदं गं आई उदं’ म्हणत परड्या वर उचलल्या जातात.