बॉनेटखालचा भाता

इंजिनाला पेट्रोल हवं तितकं पाजता येतं, अडतं ते हवेवर. पिस्टन खाली गेला की जेवढी हवा आपसूक आत येते तेवढ्यावर भागवायचं, नाहीतर बाहेरून कोंबून जास्तीची भरायची. हे कोंबण्याचं काम टर्बो एक्झॉस्टच्या वायूंच्या जोरावर करतो. सुपरचार्जर मात्र क्रँकशाफ्टवरूनच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरूनच, पट्ट्याने नाहीतर गिअरने फिरतो. म्हणजे ताकद मिळवायची तर आधी ताकद मोजून द्यायची. सुपरचार्जरच्या पिढ्या लोक सहसा दाबाच्या आकड्यांवरून लावतात. मला विचाराल तर खरी भांडणं दोनच होती: हवा किती तापते, आणि इंजिनाकडून घेतलेल्यातलं किती वाया जातं.

पहिलं यंत्र तर गाडीसाठी बनलंच नव्हतं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल इथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. पाणचक्कीत सुधारणा करायच्या खटपटीतून त्यांच्या हाती एक झकास ब्लोअर लागला, आणि 1860 मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. पुढे तो लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालू लागला. थोडक्यात, लोहाराचा भाताच, फक्त फिरता. एका पेटीत आठाच्या आकड्यासारखे दोन रोटर एकमेकांत गुंतून उलट दिशांनी फिरतात, पण शिवत नाहीत. मध्ये केसभर फट राहते.

गंमत अशी की रूट्सच्या पेटीत हवा दाबली जातच नाही. रोटर आणि भिंत यांच्यात सापडलेली हवा फक्त पलीकडे नेऊन सोडली जाते. तिकडे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, आधीच दाब साचलेला असतो. पेटीचं तोंड उघडताच ती दाबलेली हवा उलटी घुसते, आदळते, आणि पुन्हा ढकलावी लागते. त्या धक्क्यांतूनच सुपरचार्जरची ओळखीची किंचाळी येते आणि हवाही गरजेपेक्षा जास्त तापते. गरम हवा विरळ असते, म्हणजे कोंबलेल्यातला काही भाग असाच हातचा जातो.

तरीही सुरुवातीची शर्यत रूट्सनेच गाजवली, कारण तो साधा होता आणि कमी फेऱ्यांतही भरपूर हवा द्यायचा. मर्सिडीजने 1921 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरवाल्या गाड्या मांडल्या. त्यांच्या त्या काळातल्या गाड्यांत अ‍ॅक्सलरेटर तळाला टेकवला की क्लच जुळायचा आणि ब्लोअर फिरू लागायचा. एरवी तो गप्प. फुकटचा खर्च टाळायची ही युक्ती मला आजही त्या काळातली सर्वांत शहाणी वाटते.

बेंटलीची गोष्ट याच्या अगदी उलट. टिम बर्किन या शर्यतपटूच्या हट्टाखातर इंजिनिअर अ‍ॅमहर्स्ट व्हिलियर्सचा ब्लोअर साडेचार लिटरच्या इंजिनापुढे, रेडिएटरच्याही पुढे, उघड्यावर बसवला गेला. खुद्द कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना हा प्रकार मान्य नव्हता. जास्त ताकद हवी तर इंजिन मोठं करा, असं त्यांचं म्हणणं. 1930 च्या ल माँ शर्यतीत दोन्ही ‘ब्लोअर बेंटली’ बाद झाल्या आणि जिंकली ती ब्लोअर नसलेली, साडेसहा लिटरची स्पीड सिक्स. लोकांच्या लक्षात मात्र ब्लोअरच राहिली!

सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरने दुसरी वाट धरली. पंख्यासारखं चाक प्रचंड वेगाने फिरवून हवा बाहेर फेकायची आणि तिचा वेग दाबात बदलायचा. हवा कमी तापते, यंत्र छोटं. खोट एकच: दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे निम्मे केले की दाबाची भर जेमतेम पाव उरते. 1932 च्या ड्यूसेनबर्ग एसजेवर हा प्रकार शोभला. पण 1950 च्या सुमारास बीआरएम या ब्रिटिश शर्यत-संघाने दीड लिटरच्या व्ही-16 इंजिनाला रोल्स-रॉइसचा दोन टप्प्यांचा सेंट्रिफ्यूगल जोडला तेव्हा ताकद सगळी वरच्या फेऱ्यांत एकवटली. वळणातून बाहेर पडताना चाकं पकड सोडून जागीच फिरायला लागली, की फेरे वाढायचे, फेऱ्यांबरोबर दाब वाढायचा, आणि चाकं आणखीच सुटायची. ड्रायव्हरच्या हातात फारसं काही उरायचं नाही.

तिसरा मार्ग स्वीडनच्या आल्फ लिशोल्मने 1930 च्या दशकात काढला: दोन पिळदार स्क्रू. त्यांच्यामधली जागा पुढे सरकताना आवळत जाते, म्हणून हवा यंत्राच्या आतच दाबली जाते आणि तो उलटा धक्का टळतो. पण असे स्क्रू अचूक कापणं महागडं काम, त्यामुळे गाड्यांत ते उशिरा रुळले. 2005 च्या फोर्ड जीटीत लिशोल्मच होता आणि 707 अश्वशक्तीच्या डॉज हेलकॅटमध्येही ट्विन-स्क्रूच. हेलकॅटमध्ये पूर्ण जोरावर नुसता सुपरचार्जर फिरवायला सुमारे 80 अश्वशक्ती लागते. एका छोट्या गाडीचं अख्खं इंजिनच म्हणा ना.

रूट्स मात्र मोडीत निघाला नाही. जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांवरचे 6-71 ब्लोअर हॉट-रॉडवाल्यांनी, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलणाऱ्या हौशी लोकांनी, उचलले आणि बॉनेटला भोक पाडून वर बसवले. 6 म्हणजे सिलिंडर, 71 म्हणजे प्रत्येकाचे घनइंच. डिझेलचं ते नाव ब्लोअरला कायमचं चिकटलं. पुढे ईटन कंपनीने रोटरलाच पीळ दिला: आधी तीन लोब (रोटरच्या पाकळ्या) आणि 60 अंश, मग टीव्हीएस या पुढच्या मालिकेत चार लोब आणि 160 अंश. पिळामुळे पेटीचं तोंड एकदम न उघडता हळूहळू उघडतं, धक्का विभागला जातो. जोडीला बायपास झडप, म्हणजे निवांत चालताना हवा आतल्या आत फिरत राहते आणि इंजिनावर बोजा पडत नाही. मर्सिडीजच्या क्लचचंच काम, वेगळ्या तऱ्हेने. 2009 च्या कॉर्व्हेट झेडआर1 ने असाच ईटन वापरून 6.2 लिटरमधून 638 अश्वशक्ती काढली.

2016 मध्ये ऑडीने एसक्यू7 मध्ये पट्टाच काढून टाकला. तिथे 48 व्होल्टवर चालणारी 7 किलोवॉटची मोटर छोटा कंप्रेसर फिरवते, तीही दोन टर्बो जागे होईपर्यंतच. पूर्ण वेगात यायला तिला पाव सेकंद लागतो. किंचाळी मात्र ऐकू येत नाही.